धुरपताची पात

धुरपता शिवणकर आणि तिची सून शामकला यांच्यात पहिले भांडण झाले ते मिठावरून.

त्याआधी त्या घरातून सासू-सुनेचा चढा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला नव्हता. आमगावच्या बाजूचे लहानसे गाव, घर कुणब्याचे, जमीन बेताची. धुरपताचा नवरा लवकर गेला होता. मुलगा केवळराम तिने एकटीने वाढवला, त्याचे लग्न केले आणि सून घरात आल्यावर तिला हाताशी धरून सगळे शिकवले. ताट कसे वाढायचे तेही तिनेच शिकवले होते. भात समोर, भाजी उजव्या हाताला, मीठ आणि मिरचीची चटणी डाव्या अंगाला. "मीठ डावीकडं नसलं तं जेवनाऱ्याले वाटते, आपल्याले बोलावलंच नाई," असे ती म्हणे.

आणि आता तीच धुरपता दोन्ही वेळा अळणी जेवत होती आणि सुनेवर धुसफुसत होती. आधी काही दिवस ती गप्प राहिली. मग एकदा तिने केवळरामला ऐकू जाईल असे म्हटले की या घरात म्हातारीला चिमूटभर मीठही महाग झाले. शामकला चुलीपुढून उठून आली. सासूला ती मामी म्हणत असे.

"मामी, मीठ वाढलं ना मी. ते काय तुमच्या ताटात."

"कोठी?"

शामकलाने बोट दाखवले. धुरपताने मान वळवून पाहिले तर मीठ होते, चटणी होती, वर कांद्याची फोडही होती. सुनेने आता, आपली नजर चुकवून, पटकन वाढले असणार अशी तिची खात्री झाली. शामकला रडली. केवळराम अर्ध्या जेवणावरून उठला. पुढे हे रोजचेच झाले.

या भांडणांच्या थोडे आधी, त्या हिवाळ्यात, धुरपता भाऱ्यांच्या गाडीवरून पडली होती. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षे झाली असतील. आपला हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. कापलेल्या धानाचे भारे खळ्यावर नेताना ती वर बसली होती. चाक खड्ड्यात गेले आणि ती मागच्या मागे धुऱ्यावर आपटली. धुरा म्हणजे बांधीची, धानाच्या शेताच्या तुकड्याची, मातीची पाळ. तिथे नेमका एक दगड होता. डोक्याला मागून उजव्या बाजूला मोठी खोक पडली. काही दिवस ती ओकत होती, माणसे ओळखत नव्हती. मग हळूहळू उठून बसली, बोलू लागली, हसू लागली. वाचली, यातच सगळ्यांना सगळे मिळाले. डोळ्यांचा विचार कोणाच्या मनात आला नाही, खुद्द तिच्याही नाही.

फक्त ती धडकू लागली होती. दाराची डावी चौकट तिच्या खांद्याला रोज लागे. डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा गुंड तिने दोनदा लवंडला. विहिरीवर डावीकडून कोणी हाक मारली तर ती भलतीकडेच बघे आणि तशीच चालू लागे. बाया म्हणू लागल्या, धुरपता मरणाच्या दारातून आली तर आता कोणाकडे बघतही नाही.

हे सगळे असेच चालले असते. पण रोवणी आली.

धुरपताची ओळख होती ती रोवणीमुळे. परे, म्हणजे धानाची रोपे, उपटून आणायची, गुडघाभर चिखलात ओळीने वाकून उभे राहायचे आणि रोपांची एकेक चूड, म्हणजे लहानशी जुडी, रोवत मागे मागे सरकायचे. प्रत्येक बाई आपल्यापुढची पट्टी भरत जाते. तिला पात म्हणतात. डाव्या टोकाची, धुऱ्याला लागून असलेली पात म्होरकीची. धुरा सरळ नसतो, कुठे पोट काढतो, कुठे आत जातो. त्याच्या कलाने ती पात रुंद-अरुंद करत न्यावी लागते, म्हणून ती कोणाही बाईला देत नाहीत. म्होरकी जशी सरकेल तशी बाकीची रांग सरकते. गाणेही तीच उचलते. धुरपता लग्न होऊन आली त्यानंतर थोड्याच वर्षांत ती पात तिच्याकडे आली आणि तिच्याकडेच राहिली. गावातले सगळ्यांत मोठे शेतकरी म्हणजे कन्हैयालाल पटले. पोवार घराणे, पूर्वज माळव्यातून आलेले. गाव त्यांना महाजन म्हणे. शब्दाचे कडक होते. पण त्यांच्या बांधीत पहिली चूड धुरपताच्या हातची असे, आणि ती रोवत असली की ते धुऱ्यावर फिरकत नसत. बघण्यासारखे काही उरत नाही, असे म्हणत.

त्या वर्षी रोवणीच्या पहिल्या दिवशी धुरपता नेहमीप्रमाणे धुऱ्याकडे उभी राहिली. तिच्या शेजारी रुख्मा होती. रुख्मा तिच्या बरोबरीची, जिभेने तिखट, हाताने चलाख. काम सुरू झाले, गाणे सुरू झाले. थोड्या वेळाने रुख्मा गप्प झाली. मग तिच्या पलीकडची. गाणे एकटी धुरपता म्हणत राहिली. बाकीच्या एकमेकींकडे बघत होत्या, पण म्होरकीला बोलायचे कोणी?

बांधी संपली. धुरपता धुऱ्यावर चढली, कंबर सरळ केली आणि परे आणायला पलीकडच्या टोकाकडे निघाली. आता रोवलेली बांधी तिच्या उजव्या हाताला होती. चालता चालता ती थांबली. धुऱ्याला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चिखलाचा उघडा पट्टा पडला होता. गाडी जाईल एवढा रुंद. त्यात एक चूड नव्हती.

तिचा पारा चढला. कोणाची ही पात, डोळे कुठे गेले होते, महाजन बघतील तर काय म्हणतील, असे ती सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. सगळ्या चिखलाकडे बघत उभ्या राहिल्या. ती आणखी बोलणार तेवढ्यात रुख्मा जवळ आली आणि नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाली, "धुरपता, हे पात तुहीच होय वो."

धुरपताने आधी पट्ट्याकडे बघितले, मग आपल्या हातांकडे. तिला ते खरे वाटेना. तिने तर शेवटपर्यंत रोवले होते. डावीकडे काही राहिले असे तिला एकदाही वाटले नव्हते. पण धुऱ्याकडची पात दुसऱ्या कोणाची असूच शकत नव्हती. ती तशीच घरी आली. दारात खांदा चौकटीला लागला. ती तिथेच बसली. बऱ्याच वेळाने तिने शामकलाला जवळ बोलावले.

"पोरी, मीठ तू वाढत होतीस का?"

"हो मामी. रोज."

धुरपताने पदर डोळ्यांना लावला. त्या दिवसापासून घरातले भांडण मिटले, पण शेतातले तिचे स्थान गेले. पात रुख्माकडे गेली. धुरपताला कोणी वाईट बोलले नाही. "तू आता आराम कर वो बाई, लेकरं सांभाळ," एवढेच म्हणाल्या. तिला तेच सर्वांत जास्त लागले. बाया चिखलात गात होत्या आणि ती आंब्याखाली त्यांची तान्ही पोरे राखत बसली होती. आपली पात परत घ्यायची, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात राहिली. घर चालत होते, मुलगा-सून चांगली होती. पण ती पात नसेल तर आपण कोण, हे तिला कळत नव्हते.

गावच्या वैद्याने डावा डोळा गेला असे ठरवून त्यात कसलासा रस घातला. डोळा चुरचुरला, लाल झाला, बाकी काही नाही. दिवाळीनंतर केवळरामच्या कानावर आले की गोंदियाला एका धर्मशाळेत डोळ्यांचे शिबिर आहे, नागपूरचे डॉक्टर येणार आहेत. तो आईला घेऊन आमगावला गेला आणि तिथून रेल्वेने गोंदियाला.

धर्मशाळेत मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांची रांग लागली होती. धुरपताचा नंबर आला तेव्हा डॉक्टरने दिवा लावून दोन्ही डोळ्यांत बघितले, दूरचे आकडे विचारले. जवळच्या सुईपासून दूरच्या आगगाडीच्या डब्यापर्यंत सगळे तिला दिसत होते. "आँखें तो एकदम अच्छी हैं, बाई," असे म्हणून त्याने पुढच्या माणसाला बोलावले. धुरपता उठली, चालू लागली आणि डाव्या हाताच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर जाऊन आदळली. म्हातारा ओरडला, लोक हसले.

बाजूच्या टेबलावर बसलेला दुसरा डॉक्टर मात्र हसला नाही. सालोडकर त्याचे नाव, वय तिशीच्या आत-बाहेर. डोक्याला मार लागल्यावर डोळे चांगले असूनही नजर का जाते, यावर तो नागपूरला अभ्यास करत होता. लढाईवरून आलेले काही शिपाई त्याने तपासले होते. त्याने धुरपताला परत बोलावले आणि विचारले, डोक्याला कधी लागले होते का? तिने हात मागे नेला आणि केसांखालची खूण दाखवली. मागची, उजवी बाजू. डॉक्टर खुर्चीत सरळ बसला.

त्याने व्हरांड्याच्या भिंतीवर काळी घोंगडी टांगायला लावली. मधोमध खडूने ठिपका काढला, धुरपताला समोर बसवले आणि ठिपक्यावरून नजर हलवायची नाही असे बजावले. मग एका काडीच्या टोकाला कापसाचा बोळा लावून तो चहूबाजूंनी हळूहळू आत आणू लागला. दिसला की सांगायचे. उजवीकडून बोळा निघाला की धुरपता लगेच "हो" म्हणे. डावीकडून निघाला की गप्प. बोळा थेट ठिपक्यापाशी पोचला, तो ओलांडला, तेव्हा कुठे ती म्हणाली, "हा आला."

केवळराम म्हणाला, "डावा डोळा गेला, असंच ना जी?"

डॉक्टरने धुरपताच्या डाव्या डोळ्यावर हात धरला. आता ती फक्त उजव्या डोळ्याने बघत होती. बोळा पुन्हा डावीकडून निघाला, पुन्हा ठिपक्यापर्यंत ती गप्प. मग उजवा डोळा झाकला. तेच. केवळराम बघतच राहिला. एकेक डोळा झाकला तरी डावी बाजू दोन्हींना नव्हती.

"तिथं तुम्हाला काळं दिसतं का बाई? अंधार?" डॉक्टरने विचारले.

धुरपताने जरा विचार केला. "नाई जी. काईच नाई दिसत. तुमच्या पाठीमागं तुमाले काळं दिसते का?"

डॉक्टर मोठ्याने हसला. हेच मी शिपायांना विचारून थकलो, असे नीट कोणी सांगितले नव्हते, असे तो म्हणाला. मग त्याने तिला समजेल अशा भाषेत सांगितले. डोळे म्हणजे तलाव समजा. तलाव भरलेला आहे, पण तिथून बांधीपर्यंत पाणी न्यायला पाट लागतो. बघण्याचे खरे काम डोक्याच्या मागच्या भागात होते. दोन्ही डोळ्यांनी डावीकडचे जे दिसते ते उजवीकडच्या मागच्या भागात पोचते. तो भाग त्या दगडाने निकामी केला. म्हणून तलाव भरलेला, पण डाव्या बांधीला पाणी नाही. आणि तिथे अंधार दिसत नाही, म्हणून तिथे काही राहिले आहे याचीही डोक्याला खबर नाही.

"मग पाट दुरुस्त करा," धुरपता म्हणाली.

"तो होत नाही बाई. वर्ष होत आलं. आता तो तसाच राहणार."

धुरपताचा चेहरा उतरला. डॉक्टरच्या ते लक्षात आले. तो म्हणाला, "पण मान तर तुमची चांगली आहे. उजवीकडच्या अर्ध्यात जे येईल ते तुम्हाला दिसतं. मान डावीकडं इतकी वळवा की डावीकडचं उजवीकडं येईल. हे आपोआप होणार नाही. रोज, मुद्दाम करावं लागेल. किती जमतं ते मलाही माहीत नाही. पुढच्या वर्षी मी येईन. मला सांगा."

घरी आल्यावर केवळरामने शामकलाला सगळे सांगितले. रात्रीच्या ताटात मीठ आणि चटणी उजवीकडे आली. धुरपताला ती लगेच दिसली. सुनेचे मन चांगले, असे वाटून ती जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. तिसऱ्या दिवशी तिने ताट पुढे सरकवले आणि म्हणाली, "मीठ डावीकडं वाढ."

"पन मामी, तुमाले दिसत नाई तिकडं."

"म्हनूनच. मीठ माह्याकडं काऊन येईल? मीच जातो त्याच्याकडं."

आणि तिने एक नेम धरला. आधी मीठ शोधायचे, मगच भाताला हात लावायचा. सुरुवातीला मान वळवूनही हाती लागत नसे. नजर कुठवर न्यायची हेच कळत नसे. मग तिने ताटाची कड पकडली. कडेवर नजर ठेवून डावीकडे सरकत जायचे, कड वळली की समजायचे, आता मीठ. असे करता करता मीठ लवकर सापडू लागले. मग दाराची चौकट. मग अंगणातल्या कोंबड्या. विहिरीवर जाताना ती सारखी डावीकडे मान फिरवत चाले. रुख्माने तिला एकदा पाहिले आणि बायांना म्हणाली, "पाहा वो, धुरपताचं घुबड झालं." नाव चिकटले. धुरपताने ते ऐकले आणि मान फिरवणे चालूच ठेवले.

बांधीत मात्र तिला धीर होत नव्हता. ताटाला कड आहे. चिखलाला कुठली कड? वाकले की सगळा चिखल सारखाच. धुरा कुठे सुरू होतो तेही कळत नाही.

पुढच्या पावसाळ्यात गावात ग्रामसेवक आला, गोवर्धन नावाचा. जपानी पद्धतीची रोवणी दाखवायची, असा त्याला वरून हुकूम होता. त्याच्याजवळ लांबलचक दोर होता, त्याला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. दोर बांधीत आडवा ताणायचा, दोन टोकांना खुंट्या, प्रत्येक गाठीशी एक चूड. ओळ झाली की दोर मागे सरकवायचा. कन्हैयालालजींनी कुरकुर करत एक बांधी दिली, तीही रस्त्याकडची. बाजाराला जाणारे सगळे बघतील, असे ग्रामसेवकाला हवे होते. महाजनांनी सांगून ठेवले होते की बांधी खराब झाली तर हा दोर मी बैलाला बांधीन.

बायांना तो दोर मुळीच आवडला नाही. "लहानपनापासून रोवून राहिलो, आता दोर शिकवते का आमाले?" रुख्मा म्हणाली. तिने काम करायला साफ नकार दिला. ग्रामसेवक हात जोडायच्या बेताला आला.

धुरपता पोरे घेऊन धुऱ्यावर बसली होती. दोर बांधीत ताणला तेव्हा तिची नजर सहज त्यावर पडली आणि सवयीने मान डावीकडे वळू लागली. गाठीमागून गाठ येत गेली. नजर चिखलात हरवली नाही. दोर तिला हाताला धरून नेत होता, आणि शेवटी खुंटी आली तेव्हा मान आपोआप थांबली. ती तशीच बघत राहिली. मग तिने मांडीवरचे पोर जवळच उभ्या असलेल्या शामकलाकडे दिले, साडीच्या फाटक्या पदराची लाल चिंधी काढली, बांधीत उतरली आणि डाव्या खुंटीला बांधली.

"काय करून राहिली वो घुबड?" रुख्माने विचारले.

"मीठ वाढून राहिलो," धुरपता म्हणाली. कोणाला काही कळले नाही, फक्त शामकला हसली.

मग धुरपताने ग्रामसेवकाला सांगितले की धुऱ्याकडची पात मला द्या, मी दोराने रोवते. बाया एकदम बोलू लागल्या. गेल्या वर्षीचा उघडा पट्टा कोणी विसरले नव्हते. रुख्माने सगळ्यांना गप्प केले आणि अट घातली. धुरपताला पात द्या. पण बांधी संपल्यावर मी सूप घेऊन धुऱ्याने फिरेन. कुठे सुपाएवढी जागा उघडी सापडली तर हा दोर परत जाईल आणि धुरपता पुन्हा कधी बांधीत उतरणार नाही.

"मंजूर," धुरपता म्हणाली.

रांग लागली. धुरपता डाव्या टोकाला, शेजारी रुख्मा. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. ती दर ओळीला मान वळवी, चिंधी दिसेपर्यंत थांबे आणि तिथूनच पहिली चूड लावी. काम हळू होत होते. उजवीकडच्या बाया खोळंबत होत्या आणि तसे बोलूनही दाखवत होत्या. रस्त्यावर माणसे जमली होती. महाजन छत्री घेऊन उभे होते.

थोड्या वेळाने चिखल उडाला आणि चिंधी माखली. धुरपताने मान वळवली. लाल काही दिसेना. आणखी वळवली. नुसता चिखल. तिचा हात थांबला. अख्खी रांग थांबली. आतापर्यंत लावलेले तरी पुरते होते का, हेही तिला सांगता येईना. परे हातात धरून ती तशीच वाकून राहिली. मागून कोणीतरी म्हणाले, झालं, बसवा आता तिला आंब्याखाली.

रुख्मा जवळच होती. चिंधी कुठे आहे ते तिला दिसत होते. ती काही बोलली नाही. अट अट होती.

धुरपताने डोळे मिटले. उजव्या हाताने तिने दोर पकडला आणि एक एक गाठ चाचपत डावीकडे सरकली. शेवटी हाताला खुंटी लागली. तिने डोळे उघडले, मान हाताच्या मागोमाग नेली आणि खुंटी दिसली. तिने चिंधी सोडली, बांधीतल्या पाण्यात खळबळून पिळली आणि खुंटीच्या अगदी शेंड्याला बांधली, जिथे चिखल पोचणार नाही. मग उभी राहून तिने दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजरेने पाहून घेतला. दोर मधे कुठेतरी वाकला होता. "गोवर्धनभाऊ, तिकडली खुंटी मागं घे गा," ती म्हणाली. ग्रामसेवकाने खुंटी सरकवली. दोर सुतासारखा सरळ झाला.

त्यानंतर ती थांबली नाही. धुरा आत आला की खुंटी आत, धुऱ्याने पोट काढले की खुंटी बाहेर. मान डावीकडे, चिंधी, चूड, चूड, चूड, आणि "हो" म्हणून हाक. हाकेसरशी दोर मागे. एक हाक, एक ओळ. बायांना ती लय सापडली. मघा कुरकुरणाऱ्या आता हाकेची वाट बघत होत्या. मग धुरपताने गाणे उचलले. वर्षभर तिच्या तोंडून गाणे निघाले नव्हते. पहिल्या कडव्याला तिचा आवाज फुटला, दुसऱ्याला चढला. रुख्माने क्षणभर वाट पाहिली आणि मग पहिल्यांदा तिनेच साथ धरली.

ऊन उतरू लागले तेव्हा बांधी संपली. रुख्मा खरोखरच सूप घेऊन आली. धुऱ्याच्या या टोकापासून ती निघाली. पावलागणिक वाकत होती, सूप चिखलावर धरून बघत होती. रस्त्यावरची माणसे, बाया, महाजन, सगळे तिच्या सुपाकडे बघत होते. दुसऱ्या टोकाला पोचून ती वळली आणि परत आली. सूप तिने धुरपताच्या पुढ्यात टाकले.

"घे वो बाई तुही पात," ती म्हणाली. "मले तं चूड लावायले जागा नाई सापडली. घुबडाले आमच्याहून जास्त दिसते."

हसण्याचा एकच गलका झाला. कन्हैयालालजी छत्री मिटून पुढे आले, ओळींकडे आडवे बघितले, उभे बघितले आणि ग्रामसेवकाला म्हणाले की दोर राहू दे. उद्या तळ्याखालची बांधी. "और रस्सी धुरपताबाई के हाथ में देना."

धुरपता मात्र अजून धुऱ्यावर चढली नव्हती. बाकीच्या हातपाय धुवायला गेल्यावर ती चढली आणि ज्या बाजूने चालले की बांधी उजव्या हाताला येते त्या बाजूने चालू लागली. सगळे तिला दिसत होते. चिखलाच्या पाण्यात उभ्या कोवळ्या चुडी, ओळीमागे ओळ, थेट धुऱ्याच्या मातीला टेकलेल्या. टोकाला पोचून ती परत फिरली. आता बांधी डावीकडे गेली आणि नाहीशी झाली. ती चालता चालता थांबली, मान वळवली. बांधी होती. पुढे गेली, पुन्हा वळवली. होती. असे खेळत खेळत ती सगळा धुरा चालली, आणि शामकला तिला घ्यायला आली तेव्हा ती एकटीच हसत होती.

त्या हिवाळ्यात डॉक्टर सालोडकर आला. शिबिरात ती आली नाही म्हणून तो स्वतः विचारत विचारत गावी पोचला. काळी घोंगडी त्याने सोबत आणली होती. ओसरीत ती टांगून त्याने पुन्हा बोळा फिरवला. नजर होती तेवढीच होती, अंगुळभरही वाढली नव्हती. मग धुरपताने त्याला खळ्यावर नेले. धानाच्या राशी होत्या. तिने दोराची, चिंधीची, मिठाची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर ऐकत राहिला, मधे मधे लिहीत राहिला. डावीकडे वळा, एवढेच आपण रोग्यांना सांगतो, पण डावीकडे कुठवर, हे सांगत नाही, असे तो म्हणाला. नागपूरला परत गेल्यावर त्याने असल्या रोग्यांच्या ताटाच्या, पलंगाच्या, पोथीच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायला सुरुवात केली. त्यातले बरेच सुधारले, असे त्याने पुढे केवळरामला कळवले. आपल्या विद्यार्थ्यांना तो एक प्रश्न नेहमी विचारी, पाठीमागे तुम्हाला काळे दिसते का?

त्या दिवशी तो शिवणकरांकडेच जेवला. पाटावर बसल्यावर त्याने आपल्या ताटाकडे बघितले, मग धुरपताच्या. दोघांचेही मीठ डावीकडे होते. धुरपताने मान वळवली, मीठ बघितले आणि मग भाताला हात लावला. डॉक्टरनेही तसेच केले.

पुढे बरीच वर्षे, जिल्हा मुंबई राज्यात गेला त्यानंतरही, धुऱ्याकडची पात धुरपताकडेच राहिली. दोराची रोवणी हळूहळू आजूबाजूच्या गावांत गेली. जिथे जिथे ती गेली तिथे डाव्या खुंटीच्या शेंड्याला लाल चिंधी बांधायची रीतही गेली. कशासाठी, असे तिकडच्या बायांना विचारले तर त्या म्हणत, ती बांधायचीच असते.